मिग-२१ म्हातारं होतं म्हणून पडत होतं का? एका इंजिन फिटरचं उत्तर

माझ्या भाचीचा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१चा निरोप समारंभ झाला, तो त्याने मोबाइलवर पाहिला आणि रात्री मला तीन प्रश्न पाठवले. "आबा, ६२ वर्षं जुनं विमान कुणी उडवतं का? त्याला उडती शवपेटी म्हणायचे ते खरं का? आणि आता त्या विमानांचं काय होणार?" मी हवाई दलात २४ वर्षं इंजिन फिटर होतो, ज्युनियर वॉरंट ऑफिसर म्हणून बाहेर पडलो. त्यातली १७ वर्षं मिग-२१च्या पोटाखाली गेली. फोनवर सांगायला बसलो तर पहिल्याच प्रश्नात अर्धा तास गेला, म्हणून सगळं लिहूनच काढलं.

बाळा, आधी वयाचा घोळ मिटवू. एसटीची लाल गाडी मी शाळेत असताना होती, आजही आहे. म्हणून निफाडच्या स्टँडवर आज उभी असलेली गाडी काही साठ वर्षांची नसते. तसंच हे. १९६३ मध्ये पहिली मिग-२१ चंडीगडला आली. त्यांच्यासाठी २८ क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांचं पथक, उभी केली, तिचे पहिले कमांडिंग ऑफिसर दिलबाग सिंग. ते पुढे हवाई दल प्रमुख झाले. ती पहिली विमानं केव्हाच संपली. मग आलं टाइप ७७, म्हणजे एफएल. त्यानंतर टाइप ९६, आणि शेवटी बिस. दिसायला सगळी भावंडं, पण एकाचं इंजिन दुसऱ्यात बसत नाही आणि एकाचा नकाशा दुसऱ्याला चालत नाही. एफएलमध्ये वैमानिकाच्या डोक्यावरची काच पुढच्या बाजूला उघडायची, नंतरच्यांची उजव्या कुशीला. एफएलला तर आपण २०१३ च्या ११ डिसेंबरलाच कलाइकुंड्याला निरोप देऊन मोकळे झालो होतो. त्या समारंभाची एवढी चर्चा झाली नाही इतकंच. २०२५ मध्ये जी उतरली ती बायसन, म्हणजे १९८०च्या दशकात बनलेली बिस, नवी उपकरणं बसवून पुन्हा उभी केलेली. त्यांचं वय चाळीसच्या आसपास. लढाऊ विमानाला तेही पुष्कळच, पण साठ नव्हे.

आणि ही बहुतेक आपल्याच अंगणात बनली. सोव्हिएत संघाशी झालेला १९६२ चा करार नुसत्या खरेदीचा नव्हता, बनवण्याचं तंत्र देण्याचाही होता. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. ओझरचा कारखाना १९६४ चा. तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते, त्यामुळे कारखाना नाशिकला का आला हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. ओझर दोन आहेत. विघ्नहराचं ओझर जुन्नर तालुक्यात. आमच्याकडचं निफाड तालुक्यातलं. घोटाळा नको म्हणून आमच्या ओझरच्या पत्त्यात पुढे कंसात 'मिग' लिहितात. द्राक्षाच्या मांडवात उभं राहून आम्ही पोरं चाचणीचं विमान बघायचो. आवाज एकीकडून यायचा आणि विमान भलतीकडे असायचं. मी फिटर झालो त्याचं मूळ तिथे आहे, पण तो विषय वेगळा.

आता म्हातारपण म्हणजे काय ते सांगतो. विमानाला दोन वयं असतात, एक तासांचं आणि एक कॅलेंडरचं. किती तास उडालं हे फॉर्म ७०० मध्ये लिहिलेलं असतं. ती त्या विमानाची वही, इंजिनीअर आणि वैमानिकाची सही पडल्याशिवाय चाक हलत नाही. कॅलेंडरचं वय मात्र विमान नुसतं उभं राहिलं तरी वाढतं. रबर कडक होतं, वायरवरचं आवरण ठिसूळ होतं, सील आकसतात. मिग-२१च्या पोटात इंधनाच्या रबरी पिशव्या असतात. त्या बदलायच्या तर छोट्याशा झडपेतून हात खांद्यापर्यंत आत घालून, नुसत्या बोटांच्या जाणिवेने हुक लावावे लागत. आमच्यात एक बारीक अंगाचा कॉर्पोरल होता, त्याला सगळे याच कामाला बोलवायचे. बिचारा लग्नानंतर जाड झाला तेव्हा आमच्या तुकडीत खरोखर सुतक पडल्यासारखं झालं होतं.

इंजिनाचं आयुष्य त्याहून तोकडं. रशियन विचार असा की इंजिन काहीशे तास जोरात वापरायचं आणि ओव्हरहॉलला पाठवायचं, तोवर दुसरं चढवायचं. त्यासाठी विमानाची रचनाच तशी आहे. शेपटीकडचा अर्धा भाग बोल्ट काढून मागे ट्रॉलीवर ओढून घ्यायचा, की इंजिन उघडं पडतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं विमान मोडलं. आणखी एक गंमत. एवढं जेट, पण सुरू करायला पेट्रोल लागायचं. पेट्रोलची ठिणगी पेटली की मग मुख्य इंधन. हवेत इंजिन विझलं तर परत पेटवण्यासाठी ऑक्सिजनची बाटली वेगळी. पहाटे डिस्पर्सलवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागी, एटीएफ (जेटचं इंधन) आणि पेट्रोल यांचा मिळून जो वास यायचा, तो मला अजून पंपावर कधीतरी येतो.

या पद्धतीत अडचण नाही, जोवर मागून सुटे भाग येत राहतात. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच संपला. ज्या कारखान्यांतून वस्तू यायच्या त्यांचे देश वेगवेगळे झाले, काहींनी धंदाच बदलला. त्या काळात एका विमानातून भाग काढून दुसऱ्याला लावणं रोजचं झालं. त्याला आम्ही काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता दुसरा प्रश्न. शवपेटी हा शब्द मला कधी आवडला नाही. पण तो ऐकून खवळणाऱ्यांशीही माझं पटत नाही, कारण आकडे लपत नाहीत. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत सांगितलं की त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत मिग विमानांचे ४८२ अपघात झाले, त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर दलांचे ८ जण गेले. घेतलेली मिग ८७२ होती. म्हणजे निम्म्याहून जास्त. हा आकडा मिग या घराण्याचा, एकट्या २१चा नव्हे. तरी त्यात सर्वात मोठा वाटा कुणाचा असणार हे सांगायला नको.

मग विमानच वाईट होतं का? त्याची कुंडली बघ. १९५०च्या दशकात हे कशासाठी आखलं? शत्रूचं बॉम्बफेकी विमान उंचावर दिसलं की झपाट्याने वर जायचं, ध्वनीच्या दुप्पट वेगाने गाठायचं, क्षेपणास्त्र सोडायचं आणि घरी यायचं. बस. त्यासाठी पंख लहान, सव्वासात मीटरचेही नाहीत, पातळ आणि तिरके. नाकात सुळका, तो वेगाप्रमाणे पुढे सरकतो. इंधन जेमतेम, पाऊण तासाची चैन. वेगात हे विमान लोण्यासारखं चालतं असं प्रत्येक वैमानिक सांगायचा. अवघड होतं ते उतरताना. असा पंख हळू वेगात हवेवर नीट तरंगत नाही. नाक वर करावं तर अडथळा इतका वाढतो की विमान पुढे जाण्याऐवजी खाली बसायला लागतं. तेव्हा जोर वाढवावा म्हटलं तर त्या काळचं इंजिन लगेच ऐकत नाही, फिरकी वाढायला काही सेकंद घेतंच. शिवाय बिसच्या फ्लॅपवर, म्हणजे पंखामागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्यांवर, इंजिनातलीच दाबाची हवा सोडलेली असते, म्हणून तिचा उतरायचा वेग थोडा कमी होतो. इंजिन गेलं की ती सोयही गेली. एकच इंजिन. ताशी ३४० किलोमीटरच्या घरात वेग, काचेतून पुढचं अर्धवट दिसतंय, मागचं जवळजवळ नाहीच. हे सगळं एका बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या हातात.

खरी गोम इथे आहे, आणि ती विमानाच्या बाहेरची आहे. हा मुलगा मिगपर्यंत कसा पोहोचायचा? किरण किंवा पोलंडच्या इस्क्रा या शिकाऊ विमानांवरून. किरण आपलं गरीब, सालस विमान; त्याचा उतरायचा वेग मिगच्या निम्म्याच्या जवळपास. मधली पायरीच नव्हती. सायकल शिकलेल्या पोराला थेट बुलेट देऊन कसारा घाटात सोडावं तसं. एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ मध्येच सांगितलं होतं की मधे एक प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं. करार झाला २००४ मध्ये, आणि ते विमान, ब्रिटनचं हॉक, दलात आलं २००८ मध्ये. हिशेब कर, २६ वर्षं. तोवर तेजपूरला मिग-२१वरच मिग-२१ शिकवलं गेलं. त्या २६ वर्षांत जी मुलं गेली त्यांच्यातली किती या एका रिकाम्या पायरीमुळे गेली, याचा विचार मी रात्री करत नाही. दिवसा करतो.

जगात हे एकट्या आपल्या वाट्याला आलेलं नाही. पश्चिम जर्मनीने अमेरिकी एफ-१०४ स्टारफायटर घेतलं, तेही उंचावर वेगाने जाण्यासाठी बनवलेलं, आणि त्याला खाली ढगात बॉम्ब टाकायला लावलं. ९१६ पैकी २९२ गेली, ११६ वैमानिक. विमान ज्यासाठी बनलं ते सोडून दुसरं काम लावलं की ते सूड घेतं. आपणही मिगला जमिनीवरच्या माऱ्याला लावलं, टेहळणीला लावलं, शिकवायला लावलं, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं.

आणि अपघातानंतरचा एक शब्द, 'मानवी चूक'. तांत्रिक बिघाड लिहिला तर आमच्यासारख्यांची चौकशी, मानवी चूक लिहिली तर गेलेल्याची. गेलेला उत्तर द्यायला येत नाही. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री सुरतगडहून उड्डाण करताना गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मुलावरचा ठपका स्वीकारला नाही, वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, प्रश्न विचारले, आणि पुढे पती-पत्नींनी पुण्यात उड्डाण शिकवणारी संस्था उभारली. मी त्यांना कधी भेटलो नाही. पण त्या लढ्याच्या बातम्या आमच्या क्रू रूममध्ये गप्प बसून वाचल्या जायच्या.

माझी स्वतःचीही एक रात्र सांगतो, नाहीतर तुला वाटेल आम्ही खालचे सगळे साधुसंत. एका वाळवंटी तळावर, कुठला ते सोड, इंजिन बदलून झालं आणि हत्यारं मोजली तर स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक कमी. बोटाच्या पेराएवढं. ते इंजिनात गेलं तर पुढे काय होतं ते मला पाठ होतं. मिगचं नाक म्हणजे सरळ इंजिनाकडे जाणारी नळी, वाटेत काही अडवणारं नाही. शेपूट पुन्हा काढली. सार्जंट एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. रात्री अडीचपर्यंत आठ माणसं आरसा आणि टॉर्च घेऊन शोधत होती. ते टोक निघालं माझ्या ओव्हरऑलच्या दुमडलेल्या पायात. सकाळी तेच विमान उडालं आणि पन्नास मिनिटांनी परत आलं. मी धावपट्टीच्या कडेला ब्रेक पॅराशूट, म्हणजे उतरल्यावर वेग रोखणारी छत्री, गोळा करायला उभा होतो. काम माझं नव्हतं, मागून घेतलं होतं.

'मग आधीच का नाही काढली?' हे तू विचारलं नाहीस, पण विचारणार. बदली आली नाही म्हणून. हलकं लढाऊ विमान, म्हणजे आजचं तेजस, १९८३ मध्ये मंजूर झालं ते मुळात मिग-२१च्या जागी. पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१. पहिली स्क्वाड्रन २०१६ मध्ये. मधल्या काळात करायचं काय? १९९६ मध्ये १२५ बिसना नवा रडार, नवी दिशादर्शक यंत्रणा, आर-७३ आणि आर-७७ क्षेपणास्त्रं, हेल्मेटमधून नेम धरायची सोय देण्याचा करार झाला. पहिली दोन रशियात सुधारली, बाकीची ओझरला. तेच बायसन. माझ्या मते तो निर्णय पैशाच्या हिशेबाने शहाणपणाचा होता. २००४ मध्ये ग्वाल्हेरला अमेरिकी एफ-१५ बरोबर सराव झाला तेव्हा या जुन्या हाडांच्या विमानाने पाहुण्यांना चकित केलं. लहान असल्यामुळे ते पटकन दिसतच नाही. पण नवं रडार लावून पंखाचा आकार बदलत नाही. उतरायचा वेग तोच, इंजिन एकच. आणि बायसन चांगलं निघालं, त्यामुळे बदलीची घाई कमी झाली, हेही खरं. तात्पुरता डांबराचा थर चांगला बसला की रस्ता नव्याने करायचं राहूनच जातं, तसं.

लढायांचं तू शोधून वाचशीलच, मी दोनच सांगतो. १४ डिसेंबर १९७१ ला गुवाहाटीहून २८ स्क्वाड्रनची मिग ढाक्याला गेली आणि गव्हर्नर हाउसवर रॉकेट मारली. आत बैठक चालू होती, पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी तिथेच राजीनामा दिला. दोन दिवसांनी ढाका पडलं. ज्या विमानाला जमिनीवरच्या माऱ्यासाठी कुणी बनवलं नव्हतं, त्याने हे केलं. दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. एफएलला आतून तोफच नव्हती. क्षेपणास्त्रांचा काळ आला, तोफेचं काय काम, असं तेव्हा सगळ्या जगाला वाटत होतं. आपल्या लोकांनी पोटाखाली तोफेचा गोंडोला, म्हणजे तोफ बसवलेली पेटी, लटकवला आणि १२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट सोनी यांनी पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं.

शेवटची दोन पथकं बिकानेरजवळच्या नाल इथली, ३ क्रमांकाची कोब्रा आणि २३ क्रमांकाची पँथर्स. मी समारंभ घरीच पाहिला, पाय सुजतात म्हणून खुर्चीवर पाय ठेवून. हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग स्वतः उडाले, उतरलेल्या विमानांवर पाण्याचे फवारे सोडले, आणि फॉर्म ७०० संरक्षणमंत्र्यांच्या हातात दिला. भाषणं ऐकली नाहीत. फॉर्म दिला तेव्हा मात्र मी आमच्या हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, एवढंसं पुस्तक? आदल्याच दिवशी सरकारने आणखी ९७ तेजसचा करार केला होता. आणि महिन्याच्या आत, १७ ऑक्टोबरला, ओझरला बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए आमच्या डोक्यावरून गेलं. या वेळी आवाज आणि विमान दोन्ही मला बरोबर सापडलं, पण मान वर करायला वेळ लागला. बदली तरीही अपुरीच होती. निरोपानंतर, २०२५ मध्ये, दलात लढाऊ स्क्वाड्रन २९ वर आल्या. पत्ता मात्र अजून ओझर (मिग) असाच आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं. स्क्वाड्रन मरत नाही. तिचा क्रमांक आणि निशाण जपून ठेवतात, नवं विमान आलं की ती पुन्हा उभी राहते. ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने १९९९ मध्ये बिसवरून पाकिस्तानच्या नौदलाचं अटलांटिक हे टेहळणी विमान पाडलं होतं. आज तीच तेजस उडवते. विमानांपैकी काही संग्रहालयात जातील, काही चौकात खांबावर चढतील, काही तंत्रशिक्षणाच्या वर्गात, उरलेली भंगारात. खांबावर चढवण्याआधी इंधन आणि तेल पूर्ण काढावं लागतं, आणि वैमानिकाच्या सीटखालची काडतुसं निघाली आहेत याची खात्री दोनदा करावी लागते. ती राहिली आणि कुणी आत बसून उगाच हँडल ओढलं तर छतातून बाहेर.

एखाद्या चौकात दिसलं तर नुसता फोटो काढून येऊ नकोस. आधी नाकाचा सुळका बघ. मग मागे जा. शेपटीच्या पंखाच्या बुडाशी, नॉझलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या तोंडाच्या, वर, बिसला एक गोल डबा दिसेल. ब्रेक पॅराशूट त्यात असायचं. ते नीट घडी करून आत जातच नाही, गुडघा लावून कोंबावं लागतं आणि दारं बंद होईपर्यंत दोघांनी धरून ठेवावी लागतात. डब्याच्या कडेला रंग उडालेला दिसला तर ती कुणाच्यातरी गुडघ्याची जागा आहे.